सत्तरीच्या भाडेकरूला अकरा महिने कसले देता?

माझ्या घराच्या तळमजल्यावर सध्या एक निवृत्त सिस्टर राहतात. वय ७९. त्यांच्याआधी राहत होते ते सर ८१व्या वर्षी याच घरात झोपेत गेले. त्यानंतर घर पुन्हा किरायानं द्यायची वेळ आली, तेव्हा मी एजंटला सांगितलं, की साठीच्या वरचं कुणी असेल तर आधी माझ्याकडे पाठव. तो जरा वेळ गप्पच झाला. मग म्हणाला, "काकू, पुन्हा म्हातारेच? आता तरी यंग फॅमिली पाहा ना!"

मी नागपूरला प्रताप नगरात राहते. विद्युत मंडळाच्या बिलिंग शाखेत सगळी नोकरी गेली, त्यामुळे ही बाई दयाळू आहे असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. आकडा जुळला नाही तर मला झोप लागत नाही. म्हातारा भाडेकरू ठेवण्यात माझा फायदा आहे. या शहरातल्या बहुतेक घरमालकांना तो दिसत नाही, कारण केव्हाच रद्द झालेल्या एका कायद्याची धास्ती त्यांच्या मनातून अजून गेलेली नाही.

म्हातारपणी भाड्याचं घर कोण शोधतं, असं लोक विचारतात. विचारताना त्यांच्या डोळ्यांसमोर मुलांनी घराबाहेर काढलेले आईबाप असतात. माझ्याकडे चौकशीला आलेल्यांत तसं क्वचितच कुणी होतं. सर भंडाऱ्याकडचे, निवृत्त शिक्षक. किडनीचा त्रास, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. साठ किलोमीटर एसटीनं यायचं, चार तास सुई टोचून पडायचं आणि पुन्हा साठ किलोमीटर जायचं, हे कुणाच्यानं होणार? गावातल्या घराला कुलूप लावून ते नागपुरात आले. वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाकडून अशी कितीतरी माणसं येतात. मेडिकल, मेयो, मानेवाड्याचं कॅन्सर हॉस्पिटल आणि आता मिहानमधलं एम्स. अख्ख्या पूर्व विदर्भाचं दुखणं या शहरात येऊन थांबतं. सिस्टरांची गोष्ट निराळी. मुलगी बंगळुरूला, चौदाव्या मजल्यावर. काही महिने राहून त्या परत आल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तिथं लिफ्टमधी कुत्रे भेटतात, मानसं नाही भेटत."

तिसरा प्रकार मला सगळ्यात मजेशीर वाटतो, मजेशीर म्हणजे वाईट अर्थानं. लक्ष्मीनगरात माझ्या ओळखीचं एक जोडपं आहे. त्यांचा स्वतःचा फ्लॅट जुन्या अपार्टमेंटमध्ये होता. २०२०च्या डिसेंबरात एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली आली आणि जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याला वेग आला. धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर, जिकडे जावं तिकडे पत्रे ठोकलेले. यांचीही इमारत गेली. नवी होईपर्यंत बिल्डर दरमहा भाडं देणार, तेही पुरेसं. पैशाची अडचण नव्हती. पण भाऊंचं वय ७४, वहिनींचं ७०, आणि त्याच भागात पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर त्यांना कुणी घर देईना. दीड-दोन कोटींच्या फ्लॅटचे मालक "रात्रीबेरात्री काही झालं तर?" या प्रश्नाचं उत्तर देत फिरत होते. शेवटी मनीषनगरच्या पुढे घर मिळालं. अकरा महिने झाले, मालकाचा मुलगा परत आला, घर सोडा. दुसरं घर बेशाच्या बाजूला. पुन्हा टेम्पो, पुन्हा गॅसचा पत्ता, पुन्हा बँकेत जाऊन केवायसी, पुन्हा नवा दूधवाला. वहिनींचा गुडघा दुसऱ्यांदा सामान हलवताना गेला तो गेलाच.

पाट्या तर सगळ्यांनी पाहिल्या असतील. 'किरायानं देणे आहे' आणि खाली बारीक अक्षरात फक्त फॅमिली, फक्त व्हेज, फक्त नोकरीवाले. वयाचं कुणी लिहीत नाही. ते फोनवर कळतं. "घरी कोण कोण?" "मी आणि मिसेस." "मुलं?" "ती बाहेर असतात." मग पलीकडून आवाज बदलतो, घर कालच गेलं म्हणतात.

त्यातून म्हाताऱ्या माणसाला कुठलंही घर चालत नाही. नागपूरचा उन्हाळा काय असतो हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून समजत नाही. मे २०१३ मध्ये पारा ४७च्याही वर गेला होता. ४५ तर दरवर्षीचंच. वरच्या माळ्याला स्लॅब डोक्यावर तापतो, रात्री एक वाजता भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आणि कूलर मग नुसती वाफ फेकत राहतो. हे घर सत्तरीच्या माणसाला देणं म्हणजे दुष्टपणा आहे. मधला माळा बरा, पण १९८०-९०च्या दशकांतल्या आपल्या तीन मजली अपार्टमेंटांना लिफ्ट कुठे आहे? राहता राहिला तळमजला, तोच सगळ्यांना हवा असतो. तिथंही २३ सप्टेंबर २०२३ची पहाट लोक विसरलेले नाहीत. काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, अंबाझरी ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या तळमजल्यांमध्ये माणसं कॉटवर उभी होती. त्या पुरात मेलेल्यांमध्ये पाणी घरात शिरल्यावर बाहेर पडता न आलेली बाईही होती. तेव्हा घर पाहायला येणाऱ्या म्हाताऱ्यांनी मालकाला पहिला प्रश्न विचारावा, "त्या रात्री इथं पाणी किती होतं?" सरांनी मला विचारला होता. उत्तर, एक पायरी.

नव्यानं बांधल्या जाणाऱ्या ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी महारेरानं २०२४ मध्ये नियम काढले: रॅम्प, व्हीलचेअर मावेल अशी लिफ्ट, न घसरणारी फरशी, धरायला दांड्या. उत्तमच आहे. पण ते विकत घेणाऱ्यांसाठी. वयाच्या ७५व्या वर्षी साठ लाखांचा फ्लॅट कोण घेतो?

आता त्या धास्तीकडे येते. ती कुठून आली हे मला नेमकं ठाऊक आहे, कारण ती आमच्या घरातही होती. माझ्या सासऱ्यांचा महाल भागात वाडा होता. वाड्यात भाडेकरू, भाडं महिना ३५ रुपये. खोल्या रिकाम्या करून हव्या होत्या, दिरांचं लग्न ठरलं होतं. त्या वेळी विदर्भात मुंबईचा भाडे कायदा लागू नव्हता. आपल्याकडे सीपी अँड बेरार प्रांताच्या जमान्यातला १९४९चा हुकूम चालायचा, घरं भाड्यानं देण्याचा आणि भाडे नियंत्रणाचा. त्याची तऱ्हाच वेगळी. भाडेकरूला नुसती 'जागा सोड' अशी नोटीस द्यायची तरी आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी लागायची. ती परवानगी मिळवायला काही वर्षं. मग तिच्यावर अपील. परवानगी टिकली तर दिवाणी कोर्टात दावा, तिथं पुन्हा पहिल्यापासून. शिवाय घर रिकामं झालं की ते सरकारला कळवायचं बंधन, आणि सरकार तिथं आपला कर्मचारी आणून ठेवू शकायचं. दिरांचं लग्न झालं, त्यांना मुलं झाली, सासरे गेले. भाडेकरूही गेले, त्यांचा मुलगा राहू लागला. भाडं ३५ रुपये. अशा घरात वाढलेल्या माणसाला भाडेकरू या शब्दानंच धडकी भरली तर नवल काय? आणि म्हातारा भाडेकरू म्हणजे तर दुप्पट धास्ती, तो कधीच हलणार नाही आणि कोर्टाला त्याचीच दया येणार.

पण तो हुकूम मेला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ साली झाला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि मुंबईचा, मराठवाड्याचा, आपला असे तिन्ही जुने कायदे त्यानं मोडीत काढले. आज आपण जो करार करतो तो भाडेपट्टा नसतोच. तो असतो लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे राहण्याची परवानगी. त्या कायद्याचं २४वं कलम प्रत्येक घरमालकानं एकदा वाचावं. मुदत संपली की जागा सोडायची. नाही सोडली तर दुप्पट दरानं नुकसानभरपाई. त्यासाठी दिवाणी कोर्टात फेऱ्या नाहीत, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूनं बचाव करण्याची परवानगी मागितली नाही तर त्याचं म्हणणं ऐकायचंही कारण उरत नाही. नोंदणी केलेला करार हाच पक्का पुरावा. आणि 'तो गेला तर त्याची मुलं घर बळकावतील' हे जे सगळ्यात जास्त ऐकू येतं, त्यात काही अर्थ नाही. जुन्या भाडेकरूचा हक्क घरच्यांकडे जायचा. राहण्याची परवानगी ही ज्याला दिली त्याचीच असते, ती वारशानं जात नाही.

मला तर उलट वाटतं. या कायद्यात घाबरायचं असेल तर भाडेकरूनं घाबरावं.

आणि तरी हा अकरा महिन्यांचा खेळ चालूच आहे. अकराच का? १९०८च्या नोंदणी कायद्यानं एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली. मग नोंदणी टाळायला लोकांनी अकरा महिने काढले. देशात इतरत्र या युक्तीला काही अर्थ असेल, महाराष्ट्रात मुळीच नाही. आपल्या १९९९च्या कायद्याच्या ५५व्या कलमानं करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर आणखी, वाद झाला तर करारातल्या अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. आणि आमचे मालक आधी शंभराच्या, आता पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून निर्धास्त झोपतात!

आता हिशोब करू. परवानगीचा करार जास्तीत जास्त साठ महिन्यांचा करता येतो. मुद्रांक शुल्क लागतं एकूण भाड्याच्या पाव टक्का, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवायचं. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. समजा भाडं १२ हजार, डिपॉझिट ३६ हजार, दरवर्षी पाच टक्के वाढ. साठ महिन्यांचं भाडं होतं जवळपास आठ लाख. मुद्रांक शुल्क दोन हजारांच्या आसपास, नोंदणी धरून तीन हजार. हेच अकरा-अकरा महिन्यांचे पाच करार केले तर प्रत्येक वेळी साडेतीनशे-चारशेचं शुल्क आणि पुन्हा हजाराची फी, म्हणजे सातेक हजार, आणि तेही पंचावन्नच महिन्यांचे. करार करून देणाऱ्याचे पैसे वेगळे. एजंट तर प्रत्येक नव्या भाडेकरूमागे निदान अर्धा महिन्याचं भाडं घेतो. भाडेकरू बदलताना घर महिना-दीड महिना रिकामं राहतं, रंग काढावा लागतो. हे सगळं सोसून घरमालक काय मिळवतो? दर अकरा महिन्यांनी माणसाला हलवण्याची सोय. तरुण भाडेकरू तसाही दीड-दोन वर्षांत जातोच. बदली होते, लग्न होतं, स्वतःचा फ्लॅट होतो. सत्तरीचा माणूस मात्र कुठं जायला मागत नाही. म्हणून मी म्हणते, पाच वर्षं टिकणारा भाडेकरू दारात उभा असताना त्याला अकरा महिने देणं म्हणजे आलेला नफा परत पाठवणं आहे.

माझा करार साठ महिन्यांचा असतो. त्यात एक अट मी स्वतः घालून घेतली आहे: भाडेकरूनं एक महिन्याची सूचना देऊन केव्हाही जावं, पण भाडं थकलं नाही आणि घराचा गैरवापर झाला नाही तर मुदतीआधी मी जा म्हणणार नाही. "अन् तुमचा पोरगा परत आला तर?" असं एजंटनं विचारलं. हैदराबादहून माणूस बायकोमुलांसह परत येतो तेव्हा ते निदान सहा महिने आधी कळतं. तो वरच्या माळ्यावर राहील. ज्यांना एवढी हमी देणं जमत नसेल त्यांनी छत्तीस महिन्यांची द्यावी. भाड्यात हजार-पाचशे कमी करण्यापेक्षा म्हाताऱ्या माणसाला ती जास्त मोलाची वाटते. त्याचा डॉक्टर, बँकेची शाखा, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, फिरायला जायची बाग, पडलं तर धावून येईल ती शेजारीण, हे सगळं पत्त्याला बांधलेलं असतं. पत्ता बदलला की यातली प्रत्येक गोष्ट नव्यानं जमवायची, तीही अशा वयात, जेव्हा नवीन ओळखी होणं जवळपास थांबलेलं असतं.

मरणाचं बोलायला हवं, कारण घरमालकाच्या मनात तेच असतं आणि तो ते सभ्यपणे 'रिस्क' म्हणून बोलतो. सर एप्रिलमध्ये गेले. सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली, दार उघडेना, मी माझ्याकडच्या किल्लीनं उघडलं. त्यांचे डॉक्टर याच रस्त्यावरचे, ते आले, दाखला दिला. मुलगी रायपूरहून दुपारपर्यंत पोचली. संध्याकाळी अंबाझरी घाटावर नेलं. पोलीस नाही, पंचनामा नाही, कारण आजार जुना, डॉक्टर ओळखीचे, फाइल टेबलावर. तेरवी इथंच करू का, असं मुलीनं विचारलं, मी हो म्हटलं. जाताना लाइटबिल वजा करून डिपॉझिट तिच्या हातात दिलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "शांती केली का?" मी म्हटलं, चुना मारून घेतला. या घरात माझे मिस्टरही गेले, सासूबाईही गेल्या. कुणी मेलं नाही असं घर नागपुरात हवं असेल तर सिमेंट ओलं असतानाच राहायला जावं लागेल. दोन गोष्टी मात्र मी आधीच मागून घेते, नंतर नाही: जवळच्या नातेवाइकाचा आणि गावातल्याच एखाद्या ओळखीच्या माणसाचा फोन नंबर, आणि औषधांची फाइल कुठं ठेवलेली असते ते. जास्तीची किल्ली माझ्याकडे असते, हे करारातच लिहिलेलं आहे.

त्रास होत नाही असं नाही. सिस्टरांचा टीव्ही इतका मोठा असतो, की कुठल्या मालिकेत कुणाची सून पळाली हे मला वर बसून कळतं. फोनचा रिचार्ज, गॅसचा नंबर, गिझरचा फ्यूज, सगळ्याला हाक माझ्या नावानं. अंगण त्या पाइप लावून धुतात, त्यावरून आमचं दर उन्हाळ्यात वाजतं. पण पेन्शन एक तारखेला येते आणि भाडं दोन तारखेला. भिंतीला खिळा नाही, रात्री पार्टी नाही, मी चार दिवस हैदराबादला गेले तर घर राखायला माणूस आहे, आणि नळ आला की माझी टाकी भरलेली असते. दरवर्षीची पाच टक्के वाढ मी सोडत नाही. यंदा त्यांनी वाढ द्यायच्या आधी न्हाणीत आणखी एक दांडी लावून मागितली. लावून दिली.

जपानात हा प्रश्न आपल्याआधी आला. एकटा म्हातारा घरात मरून पडेल या भीतीनं तिथले मालकही तोंडावर दार लावायचे, अजून लावतात. त्यावर त्यांनी २००१ साली कायदा करून साठीपुढच्या लोकांसाठी हयातभराच्या कराराची सोय केली. माणूस जिवंत असेतो घर त्याचं, गेला की करार संपला, वारसांचा संबंध नाही. २०१७ पासून म्हाताऱ्यांना नाही म्हणणार नाहीत अशा घरांची सरकारदरबारी नोंदही होऊ लागली. त्यांच्याकडेही सगळं सुटलं असं नाही, पण मालकाची भीती नेमकी कशाची आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं औषध त्यांनी दिलं, हे मला पटतं. आपल्याकडे २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्याचा रोख सारा मुलांकडे: पोटगी द्या, घर लिहून घेऊन सांभाळलं नाही तर ते परत करा. तेही हवंच. पण ज्याला मुलांकडून काहीच नको, स्वतःच्या पेन्शनीत स्वतःचे पोहे स्वतः करून खायचे आहेत, फक्त एक चूल मांडायला जागा हवी आहे, अशा माणसासाठी त्या कायद्यात काही नाही. लोक त्याला वृद्धाश्रमाचा रस्ता दाखवतात. ज्याला सेवेची गरज नाही त्याला आश्रमात का पाठवायचं?

एक गोष्ट लपवून हा लेख पुरा करता येणार नाही. मी वर जो हिशोब मांडला तो शिक्षक, नर्स, बँक, विद्युत मंडळ अशा पेन्शनवाल्यांचा आहे. याच शहरात एम्प्रेस मिल होती, जमशेदजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली, आणि १८८६ मध्ये त्या गिरणीनं कामगारांसाठी पेन्शन फंड काढला होता. गिरणी गेली, त्या जागेवर आता मॉल आहे. आज खासगी कंपनीतून निवृत्त झालेल्या कामगाराची ईपीएस-९५ची किमान पेन्शन महिना एक हजार रुपये आहे, २०१४ पासून तेवढीच. श्रावणबाळ योजनेचे पंधराशे. इंदोरा, पाचपावली, तांडापेठेत एका खोलीचं भाडं एवढ्यात बसत नाही. या माणसांना माझा साठ महिन्यांचा करार काय कामाचा? त्यांच्यासाठी महापालिकेनं, सुधार प्रन्यासानं, म्हाडानं स्वतः छोट्या खोल्या बांधून भाड्यानंच द्याव्या लागतील, विकायच्या नाहीत. मे २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं मंजूर केलेल्या गृहनिर्माण धोरणात ज्येष्ठांच्या घरांचा विषय आला आहे. तो पुण्या-मुंबईच्या टॉवरांत संपू नये, एवढं नागपूरच्या आमदारांनी पाहावं.

माझ्यासारख्या मालकांसाठी मात्र सरकारला फार खर्च नाही. घर बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, २०२१ पासून. तसंच साठीच्या वरच्या भाडेकरूला छत्तीस महिने किंवा जास्त मुदतीचा नोंदवलेला करार दिला तर ती हजार रुपयांची फी माफ करावी, आणि महापालिकेनं त्या घराच्या मालमत्ता करात थोडी सूट द्यावी. रक्कम मोठी नसली तरी चालेल. घरमालक सवलतीच्या नावानं कागद पाहतो आणि कागद पाहिला की निदान कायदा तरी त्याच्या नजरेखालून जातो. सक्तीच्या मी विरुद्ध आहे. नको असलेल्या भाडेकरूला कायद्याच्या जोरावर घरात घेतलं तर काय होतं ते महालातल्या वाड्यात मी पाहिलेलं आहे.

आणि एक अगदी बारीक काम. करार आता ऑनलाइन नोंदवता येतो, अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो. सोय चांगली आहे. पण सिस्टरांच्या बोटांचे ठसे काही केल्या जुळेनात. आयुष्यभर जंतुनाशकात हात घातलेले, वरून वय. हात धुऊन पाहिले, तेल लावून पाहिलं, दहाही बोटं टेकवून झाली. तो मुलगा म्हणाला, मग ऑफिसला यावं लागेल. ऑफिस वरच्या माळ्यावर, लिफ्ट बंद. खुर्चीवर बसवून दोघांनी त्यांना वर नेलं. ज्याला शरीरानं येणं जमत नाही त्याच्या घरी अधिकाऱ्यानं जावं, अशी तरतूद १९०८च्या त्याच नोंदणी कायद्यात, ३१व्या आणि ३८व्या कलमात, शंभर वर्षांहून जास्त काळ लिहिलेली आहे. खिडकीवरच्या बाईंना मी ती कलमं सांगितली, तर त्या म्हणाल्या, असा अर्ज आमच्याकडे कुणी करत नाही. तेव्हा ज्यांचे ठसे उमटत नाहीत त्यांनी तो करावा, आणि ऑफिसनं त्याचा नमुना बाहेरच्या फलकावर लावावा. फलक तळमजल्यावर असला तर बरं.